कुलसचिवांचा पहारा

उजैर : ...आणि सोफा पुढंच पाहिजे, म्हणून कुलसचिवांच्या ऑफिसातनं परत फोन. मी म्हटलं, साहेब, सगळ्यांनी गोल बसायचंय, सोफा गोलात बसत न्हाय. तर म्हणतात, मग गोलाच्या पुढं ठेवा.

पूर्णिमा : गोलाला पुढची बाजू असती व्हय रं?

उजैर : विद्यापीठाच्या गोलाला असती. तू आधी ते गळ्यातलं काढ. आत्ता कुलगुरू मॅडम येतील, चार अधिष्ठाता येतील, संचालक येतील, आणि दारात स्वागताला तू वीणा घालून उभी! 'नेतृत्वासाठी नवोपक्रम कार्यशाळा' असं छापलंय आपण. लोकांना वाटंल भजन स्पर्धा हाय.

पूर्णिमा : छापलंय, पण ते वाचायला भिंग लागंल. सगळ्या साहेबांचे फोटो बसवून राहिलेल्या जागेत नवोपक्रम कोंबलाय. एसटीत चौथ्या सीटवर बसल्यागत अंग चोरून बसलाय बिचारा.

उजैर : माझी चूक न्हाय ती. प्रत्येक ऑफिसातनं एकेक फोटो वाढत आला. शेवटी मला भीती वाटाय लागली, शिपायांचा पण येतोय काय म्हणून. काढ ते, काढ.

पूर्णिमा : काढून ठेवू कुठं?

उजैर : खुर्चीवर.

पूर्णिमा : न्हाय चालत.

उजैर : टेबलावर. पांढरं कापड घातलंय, धुतलेलं हाय. अब्बांनी सकाळी स्वतः अंथरलंय.

पूर्णिमा : अरं, टेकायचीच न्हाय ती. गावची वीणा हाय. मिरजेला तारा बदलायला टाकलेली. आमच्या गावात रीत हाय, दुकानातनं निघाली की देवळातल्या खुंटीला लागेपर्यंत कुठं टेकवायची न्हाय. सप्ताहात पाळीपाळीनं वीणेचा पहारा देतात तसंच, ह्या गळ्यातनं त्या गळ्यात. आणि देणाऱ्यानं घेणाऱ्याच्या पाया पडायचं, घेणाऱ्यानं देणाऱ्याच्या.

उजैर : म्हणजे मिरजेपासनं तू अशीच?

पूर्णिमा : अशीच. कंडक्टर म्हणाला, हिचं अर्धं तिकीट फाडू काय. मी म्हटलं, फाडा, पण मग हिला खिडकीची सीट द्या.

उजैर : मग माझ्या गळ्यात दे. आमच्या मंडपात दरसाल तीन-चार सप्ताह होतात. वीणेकऱ्याला पंखा कुठल्या बाजूनं लावायचा ते पण मला माहीत हाय.

पूर्णिमा : दिली असती की. पण तू आता त्या शिडीवर चढणार, वायरी ओढणार. भोपळा फुटला तर गाव मला देवळाच्या पायरीवर चढू देणार न्हाय. उद्या सप्ताह बसतोय.

उजैर : आणि तुझ्या बापूंचं?

पूर्णिमा : बापूंचं काय. बसतील मागच्या खांबाला टेकून. गेल्या वर्षी बसलेले तसंच.

उजैर : असं म्हणू नकोस यार.

पूर्णिमा : मग कसं म्हणू? वीस वर्षं ज्या माणसानं मृदंग वाजवला, त्याची दोन बोटं कारखान्यातल्या प्रेसमशीननं खाल्ली. करंगळी आणि तिच्या शेजारचं. 'ता' अजून निघतोय, खणखणीत निघतोय. पण 'तिट' म्हटलं की हात लंगडतो. महाराज म्हणाले, माउली, बसा, जमंल तसं वाजवा. बापू म्हणाले, जमंल तसं बाजारात चालतंय, कीर्तनात न्हाय. आणि जाऊन खांबाला टेकले.

उजैर : आणि बोटं छापायचं थ्रीडी प्रिंटरचं मशीन इथं, ह्या भिंतीपलीकडं. कुलपात.

पूर्णिमा : नवोपक्रम केंद्र! दोन वर्षं झाली फीत कापून. मशीनवरचं प्लास्टिक पण काढलं न्हाय. आणि नवोपक्रमाची कार्यशाळा आपण इथं, तुझ्या अब्बांच्या मंडपात घेतोय. का? तर केंद्रात माणसं गेली तर केंद्र खराब होतंय.

उजैर : बाहेर छापून आण म्हटलं होतं मी.

पूर्णिमा : बोट म्हणजे लग्नाची पत्रिका हाय काय, एकदा छापली की वाटली? घालून बघायचं, टोचतंय तिथं घासायचं, वाजवून बघायचं, परत छापायचं. रोज बसाय पाहिजे मशीनवर. हे बघ, चपलेच्या टाचेचं रबर कोरून केलंय मी एक. बापूंनी घातलं, एक अभंग निघाला, दुसऱ्याला फोड आला. पण त्या एका अभंगाला, उजैर... आई चुलीपुढनं उठून आली बाहेर. हातात पीठ तसंच.

उजैर : आज मागू किल्ली. सगळ्यांच्या समोर मागू. काल्याच्या कीर्तनापर्यंत आठवडा हाय की अजून.

पूर्णिमा : कुणाकडं मागायची? संचालक म्हणतात कुलसचिवांकडं, कुलसचिव म्हणतात समितीकडं, आणि समितीचे अध्यक्ष संचालक. नुसती फुगडी चाललीया.

कुलसचिव : कोण फुगडी खेळतंय? आणि हे काय आहे? कार्यशाळा आहे की जागर?

उजैर : आले. नमस्कार सर! फेटा शोभतोय सर. या फेट्यात तुम्ही अगदी...

कुलसचिव : अगदी काय?

उजैर : अगदी कुलसचिव दिसताय सर.

कुलसचिव : सोफा मागं का आहे?

पूर्णिमा : सर, गोल बसायचंय सगळ्यांनी. जाजमावर. वरचा-खालचा असं काही नको, म्हणजे माणूस मोकळं बोलतोय.

कुलसचिव : हे बघ पूर्णिमा. कुलगुरू मॅडम जाजमावर बसणार नाहीत. मॅडम खुर्चीवर बसल्या की अधिष्ठाता जाजमावर बसणार नाहीत. एका अधिष्ठातांना सोफा मिळाला की बाकीचे तीन चहा घेणार नाहीत. गेल्या वर्षी एका सत्काराला शाल आखूड निघाली, त्याचा पत्रव्यवहार अजून चालू आहे. तुम्हाला प्रशासन कळत नाही. आधी दीपप्रज्वलन, मग स्वागतगीत, मग सत्कार, मग प्रास्ताविक, मग मनोगतं, मग अध्यक्षीय. तुमचं जे काही आहे ते आभाराच्या आधी उरकून घ्या.

उजैर : म्हणजे कार्यशाळा सोडून सगळं.

कुलसचिव : काय म्हणालास?

उजैर : म्हटलं, सगळं सोडून कार्यशाळाच, सर.

कुलसचिव : आणि पूर्णिमा, ते वाद्य उतरव. या नावांच्या पाट्या ज्येष्ठतेनुसार लाव. आत्ता. गाड्या गेटात आल्यात.

पूर्णिमा : उतरवता येत न्हाय सर. कुणीतरी गळ्यात घ्यायला पाहिजे. गावची रीत हाय, उद्या सप्ताह बसतोय.

कुलसचिव : मग घ्या की रे कुणीतरी!

उजैर : मी शिडीवर चाललोय सर. माईक किरकिर करतोय, आणि मॅडमच्या भाषणात किरकिर नको.

कुलसचिव : कमाल आहे. एवढं साधं काम होत नाही तुमच्याच्यानं आणि निघालेत नवोपक्रम करायला. आण ते इकडं. दे. अगं, पाया कशाला पडतेस?

पूर्णिमा : देताना पडायचं असतंय. आता तुम्ही.

कुलसचिव : मी काय?

पूर्णिमा : घेणाऱ्यानं पण पडायचं असतंय, सर.

कुलसचिव : तुझ्या? वेड लागलंय काय? मी कुलसचिव आहे विद्यापीठाचा. जा, पाट्या लाव.

पूर्णिमा : जाते सर. पण अर्धंच झालं हे.

कुलसचिव : काय ही पोरं! उजैर, धर जरा याची ती बाजू, सोफ्यावर ठेवू.

उजैर : सर! सर, सर, खाली न्हाय!

कुलसचिव : ओरडतोस काय? मी पण खेड्यातलाच आहे. मला नको शिकवू. वीणा खाली ठेवायची नाही हा नियम सप्ताहापुरता. सप्ताह उद्या बसतोय. आज नियम लागू होत नाही.

उजैर : मग ठेवा की सर.

कुलसचिव : ठेवतोय.

उजैर : ठेवा.

कुलसचिव : थांब. तज्ज्ञांचं मत घेतो... हॅलो, आई? व्हय, मीच. जेवलो. व्हय, गोळी घेतली. आई, एक इचारायचं हुतं. समज, गावची वीणा हाय, दुरुस्तीसनं परत निघालीया, सप्ताह उद्या हाय. मधीच कुणाच्या गळ्यात घातली, तर... न्हाय, समज म्हटलं. आई, समज म्हणजे खरं न्हवं. बरं, खरंच हाय. माझ्याच गळ्यात. ऑफिसात. न्हाय, सुटात... रडतीयास काय? आई, त्यात रडण्यासारखं काय हाय? न्हाय, दादांना आयुष्यभर जमलं न्हाय ते मला जमलं असं काय न्हवं हे, चुकून झालंय! ठेवू काय सोफ्यावर? स्वच्छ हाय. आई? अगं पण मीटिंग हाय. कुलगुरू हायत. आई, कुलगुरू मोठ्या असतात! ...बरं. बरं. व्हय. न्हाय ठेवत.

उजैर : काय म्हणाल्या सर?

कुलसचिव : म्हणाली, ठेवलीस तर घराची पायरी चढू नकोस. आणि फोटो काढून पाठव म्हणाली.

उजैर : हसा की जरा सर. हं. छान आलाय.

(मध्यंतर. मंडपाच्या मागच्या कनातीआड. पलीकडे चहाच्या कपांची किणकिण आणि मोठ्या माणसांचा गलका.)

कुलसचिव : पाणी दे रे.

उजैर : घ्या सर. खुर्ची देऊ?

कुलसचिव : वीणा घेऊन बसतात काय? एवढं कळत नाही?

उजैर : सॉरी सर. सर, पण एक सांगू? आमच्या अब्बांनी हयातीत मंडप घातले, पण असलं बघितलं न्हवतं म्हणतात. कुलगुरू मॅडम दारात आल्या, तुम्हाला वीणा घालून उभं बघितलं, आणि चपला काढल्या! आपणहून! त्यांनी काढल्या म्हणून अधिष्ठातांनी बूट काढले. एका साहेबांच्या मोज्याला भोक होतं, ते पाय कुठं लपवू म्हणत पाटीमागं जाऊन उभं राहिले.

पूर्णिमा : आणि सोफ्यावर कोण बसलंच न्हाय. वीणा उभी असताना वर कसं बसायचं म्हणून मॅडमनी जाजमावर बैठक मारली. बाकीचे टपाटपा खाली. नावाच्या पाट्या सोफ्यावर आणि माणसं जाजमावर!

कुलसचिव : मॅडमना वाटलं हा तुमच्या कार्यशाळेचा प्रकार आहे. मला म्हणाल्या, व्हेरी इनोव्हेटिव्ह, विजयसिंह. मी काय सांगणार?

उजैर : वित्त अधिकाऱ्यांनी तर कहर केला. गळ्यात माळ हाय त्यांच्या, मला आजच कळलं. सरळ येऊन तुमच्या पायावर डोकं!

कुलसचिव : आणि त्यांच्यामागं रांग. प्रत्येकजण पडणार, आणि मी प्रत्येकाच्या पडायचं. या पँटीत वाकणं म्हणजे... शिवण गेलीय बहुतेक. बघ रे मागं.

उजैर : कोट लांब हाय सर. झाकतंय.

पूर्णिमा : आणि ते परीक्षेचे संचालक, सर? तुमचं-त्यांचं कोर्टात चाललंय म्हणत्यात.

कुलसचिव : सेवाज्येष्ठतेचा दावा आहे. पाच वर्षं आम्ही एका लिफ्टमधे जात नाही. आज तो समोर आला, थांबला, इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मॅडम बघतायत. वाकला. मग मी वाकलो. दोघांची डोकी आपटली.

उजैर : आवाज आला सर. माईक चालू होता.

कुलसचिव : वर उठताना हळूच म्हणाला, पाठ कशी आहे आता? मला वाटलं कोर्टात काहीतरी वापरणार आहे. पण तो चौकशीच करत होता रे.

पूर्णिमा : सर, पाय दुखत्यात काय?

कुलसचिव : पायाचं जाऊ दे. तू तो पहिला प्रश्न विचारलास ना सगळ्यांना, तो कुणी काढला?

पूर्णिमा : मी काढला. 'तुमच्या टेबलावर आलेलं आणि तुम्ही पुढं न पाठवलेलं एक काम सांगा.'

उजैर : आणि मंडपात अशी शांतता सर! आमचा स्पीकर बिघडला म्हणून मी वायर हलवून बघितली.

कुलसचिव : मी पण आठवत होतो. काहीच आठवेना. तीस वर्षांत. मग म्हटलं, जाऊ दे, कुणीतरी एवढी वीणा तरी घ्या रे माझ्या गळ्यातली. मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, मला तीनला ऑनलाइन बैठक आहे, नाहीतर आनंदानं घेतली असती. वित्तवाल्यांना म्हटलं, माळकरी माणूस तुम्ही, घ्या. ते म्हणाले, मणक्याचा त्रास आहे, डॉक्टरांचा दाखला जोडतो. एक अधिष्ठाता म्हणाले, सदर बाब माझ्या कक्षेत येत नाही. आणि बांधकामवाले काय म्हणाले माहीत आहे?

उजैर : लेखी आदेश काढा, घेतो.

कुलसचिव : लेखी आदेश काढा म्हणाला! वीणेला!

पूर्णिमा : पाया सगळे पडले, सर. पहारा कुणी घेतला न्हाय.

कुलसचिव : चहा तरी आणा रे.

उजैर : मी जरा चहाचं बघून येतो.

पूर्णिमा : थांब तू, कुठं जाऊ नकोस. सर, माझ्या अर्जावर तुम्ही काय शेरा मारलेला, आठवतोय?

कुलसचिव : कुठला अर्ज?

पूर्णिमा : केंद्र उघडा म्हणून दिलेला. पाच अर्ज दिले. पाचव्यावर तुम्ही स्वतः लिहिलं, 'जबाबदारी कोण घेणार?' प्रश्नचिन्ह पण मोठं काढलेलं.

कुलसचिव : ते लिहावं लागतं.

पूर्णिमा : मी खाली उत्तर लिहून परत दिला. 'मी घेते.' तर तो सहाव्या ऑफिसात गेला.

कुलसचिव : पोरी, तुला वाटतं मी दुष्ट आहे. त्या खोलीतली प्रत्येक वस्तू माझ्या सहीनं नोंदलीय. मी चार महिन्यांनी निवृत्त होतोय. एक मशीन जळालं, एक स्क्रू कमी निघाला, की माझी सगळी कागदं अडकून बसतील. आमचे आधीचे साहेब एका हरवलेल्या घड्याळापायी दीड वर्ष खेटे घालत होते. भिंतीवरचं घड्याळ! बंद पडलेलं! आपल्याच ऑफिसात, आपण नेमलेल्या पोरांपुढं टोपी हातात घेऊन उभा राहायचा तो माणूस. मी बघितलंय. मला तसं उभं राहायचं नाही.

पूर्णिमा : हे तुम्ही कधी सांगितलं न्हाय.

कुलसचिव : हे काय शेऱ्यात लिहायचं?

उजैर : लिहायला पाहिजे होतं सर. आम्ही तुम्हाला काय काय म्हणत होतो.

कुलसचिव : काय म्हणत होता?

उजैर : आता नको सर. वीणा हाय गळ्यात.

पूर्णिमा : सर, हे बघा.

कुलसचिव : काय आहे हे? रबराचं... बोट?

पूर्णिमा : बापूंचं. चपलेच्या टाचेतनं कोरलंय. मृदंग वाजवतात ते. वाजवायचे. दोन बोटं प्रेसमधे गेली. हे घातलं की एक अभंग निघतोय, मग फोड येतोय. तुमच्या खोलीतल्या मशीनवर मऊ छापता येतंय, मापाचं. फोड न येणारं. चित्र तयार हाय माझं. नुसती खोली उघडायची हाय.

कुलसचिव : अर्जात तर तू 'शैक्षणिक व संशोधनात्मक हेतूने' असं लिहिलंस.

पूर्णिमा : हे काय अर्जात लिहायचं, सर?

उजैर : झाली फिट्टंफाट.

कुलसचिव : तू गप रे... कुठली दोन?

पूर्णिमा : करंगळी आणि शेजारचं. उजव्या हाताचं.

कुलसचिव : म्हणजे 'तिट' गेला.

पूर्णिमा : तुम्हाला कळतंय मृदंगातलं?

कुलसचिव : आमचे दादा, म्हणजे वडील, दरवर्षी सप्ताहात पहाऱ्याला नाव द्यायचे आणि दरवर्षी शेतावर पाण्याची पाळी यायची. गेले तरी ते राहिलंच. पण कीर्तन चुकवायचे नाहीत. मला मांडीवर घेऊन मृदंगाशेजारी बसायचे. महाराजांनी चाल धरली की मृदंगवाला नुसता वाट बघतो, बघ. बोटं कातड्यावर टेकलेली, वाजवत नाही. सगळं देऊळ श्वास धरून. आणि मग तो 'तिट' सोडतो आणि टाळ तुटून पडतात. दादा माझ्या मांडीवर तोच बोल वाजवायचे. दुखायचं. पण मी हलायचो नाही.

पूर्णिमा : बापू पण माझ्या पाठीवर वाजवायचे.

उजैर : आमच्या अब्बांनी माझ्या पाठीवर वाजवलंय, पण ते वेगळ्या कारणासाठी.

कुलसचिव : किती वाजता गाडी आहे तुझी?

पूर्णिमा : पन्हाळ्याकडची पाचची. ती गेली की मग वडापच्या जीपनं जायचं. त्यात वीणा मावत न्हाय. आणा सर, द्या. मी घेते परत. तुमचा पहारा झाला. आत जाऊन बसा जाजमावर, अजून उत्तरार्ध हाय.

कुलसचिव : थांब.

पूर्णिमा : न्हाय सर, खरंच. तुम्ही लई वेळ उभा राहिलाय.

कुलसचिव : थांब म्हटलं ना. उजैर, माझ्या कोटाच्या डाव्या खिशात हात घाल. वीणेमुळं माझा हात पोचत नाही. तो जुडगा काढ. पितळी किल्ली आहे बघ, पिवळ्या दोऱ्याची.

उजैर : सर... ही केंद्राची? ही तुम्ही खिशात घेऊन फिरताय?

कुलसचिव : ड्रॉवरमधे ठेवली तर हरवेल. दोन वर्षं खिशात आहे. अंघोळीला जातानासुद्धा कोट दारामागं नाही, समोर टांगतो. आता ऐक. नीट ऐक. ही मी तुझ्या टेबलावर ठेवणार नाही. तूही कुठं ठेवायची नाहीस. गळ्यात घालायची. खोली उघडी, तोवर किल्ली कुणाच्या तरी गळ्यात. तू दमलास की दुसऱ्याला द्यायची, पण तो समोर उभा असल्याशिवाय नाही. फोनवरून नाही, शिपायाबरोबर नाही, 'टेबलावर ठेवलीय, घे' असं नाही.

उजैर : आणि देताना पाया पडायचं?

कुलसचिव : पडायचं.

उजैर : सर, आमच्या वर्गात आदर्श म्हणून एक हाय. त्याच्या पाया पडण्यापेक्षा मी रात्रभर जागतो.

कुलसचिव : मग जाग. पहाऱ्याला हेच पाहिजे.

पूर्णिमा : सर, आणि तुमची कागदं? काही जळालं, काही हरवलं तर?

कुलसचिव : बघू.

पूर्णिमा : बघू म्हणजे समितीकडं?

कुलसचिव : बघू म्हणजे मी बघू! सारखं मधे बोलू नकोस. इकडं ये. अशी समोर उभी रहा. उजैर, फेटा धर माझा.

पूर्णिमा : सर, काय करताय? पडदा उघडा हाय तिकडनं. मॅडम बघतायत.

कुलसचिव : बघू देत. सकाळी अर्धंच झालं म्हणालीस ना?

पूर्णिमा : सर, पण आता तुम्ही देणार, मी घेणार, तर आधी मी...

कुलसचिव : दोघांनी एकदम वाकू. पण जरा बाजूला हो, एकदा डोकं आपटून झालंय आज.

उजैर : ...सर, शिवण पुरती गेली.

कुलसचिव : जाऊ दे. कोट लांब आहे. घे. नीट बसली का? भोपळा वर कर थोडा. हं.

पूर्णिमा : बसली, सर.

कुलसचिव : हलकं वाटतंय नाही? मगाशी जड वाटत होती, आणि आता नाही तर काहीतरी कमी झाल्यासारखं... काल्याचं कीर्तन कधी आहे?

पूर्णिमा : पुढच्या शुक्रवारी. सकाळी. तोवर बोटं निघतील, सर. पहिल्यांदा बसणार न्हाईत, पण निघतील. उद्यापासनं उजैर आणि वर्गातली तिघं-चौघं छापायला बसतील इथं, मी मापं कळवत राहते.

कुलसचिव : मी येऊ काय? म्हणजे कुलसचिव म्हणून नव्हे. मागं कुठंतरी बसेन, खांबाला टेकून. आईला पण घेऊन येतो, ती ऐकायची नाही.

पूर्णिमा : खांब बापूंचा हाय, सर. पण यंदा मोकळा होईल वाटतंय.

उजैर : सर, आत मॅडम विचारतायत, कुलसचिव कुठं गेले, पुढचं सत्र कोण घेणार?

कुलसचिव : सांग, आलो. आणि सोफे उचलायला सांग तुझ्या अब्बांना.

पूर्णिमा : सर, बसायला याच. पण शुक्रवारच्या आधी जमलं तर बघा.

कुलसचिव : का गं?

पूर्णिमा : दुपारच्या पहाऱ्याला माणूस कमी हाय.